डोकं बुडवलेले खिळे

दुमयातमध्ये सुतार किती, असं विचारू नये; सुतार नसलेला कोण, असं विचारावं. एका गल्लीत खुर्च्यांचे पाय तयार होतात, दुसरीत पाठी आणि तिसरीत त्यांच्यावर सोनेरी रंग चढतो. एवढ्या सुतारांच्या गावात स्वतःला सुतार समजणारा एकच माणूस होता, तो म्हणजे वगदी उस्ता. बाकीचे त्याच्या लेखी लाकूड नासवणारे होते.

उस्ता ही पदवी तिथे कोणी लिहून देत नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबावं, मग एखाद्या दिवशी एखाद्या जुन्या उस्ताने चारचौघांत ‘अरे उस्ता’ म्हणून हाक मारावी, की माणूस उस्ता झाला. वगदीला ती हाक एकोणिसाव्या वर्षी मिळाली. त्याच्या हातात कला होती, हे कबूल करावंच लागतं आणि कबूल करणाऱ्याच्या अगदी जिवावर येतं. त्याने केलेल्या पलंगाचा सांधा नखाने शोधूनही सापडत नसे. पण त्या हाताला जे डोकं जोडलं होतं त्यात मिजाशीशिवाय काही नव्हतं. पंचावन्न वर्षांत त्याने कुणाला चांगलं म्हटल्याचं गावात कुणालाच आठवत नाही. शेजारी नमाजाला निघाले तर त्यांची चाल वाकडी, बायकोने बदकात कांदा भरला तर कांदा जाड, चहावाल्याने चहा आणला तर पेल्याची काच घासलेली नाही. सगळ्यांकडे नाक मुरडून पाहता पाहता त्याचं नाक खरोखरच थोडं वर गेलं होतं, असं लोक म्हणत.

त्याचा सगळ्यात जास्त राग होता खिळ्यावर. ज्याला सांधा जमत नाही त्याने खिळा मारावा, हे तो रोज एकदा तरी म्हणे. आता कपाटाच्या पाठीला प्लायवूड लावायचं तर खिळा लागतोच. तेव्हा तो बारीक बिनडोक्याचे खिळे वापरी, पंच लावून ते लाकडात बुडवी, वर भोक बुजवायला सरस आणि भुशाची लांबी भरी, पॉलिश पेपर फिरवी आणि आपण खिळा मारलाच नाही अशा तोंडाने उभा राही. खिळ्यांचे डबे दुकानात होते, पण फळीखाली मागे ढकललेले. गिऱ्हाइकाच्या नजरेस ते पडलेले त्याला खपत नसत.

माणूस कोणता खिळा वापरतो यावरून तो त्याची लायकी ठरवी. समोरचा सोफ्याला कापड ठोकणारा तोंडात निळसर चुका, म्हणजे बारीक टोकदार खिळे, धरून बसे आणि जिभेने एकेक पुढे काढून हातोडीला लावी. “दिवसभर तोंडात लोखंड, मग बोलणं गोड कुठून येणार?” असं वगदी रस्त्यापलीकडून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. पडद्याचे दांडे बसवणारे भिंतीत पोलादी खिळे मारत. ते त्याला सुतारापेक्षा घरफोडे वाटत. पत्र्याच्या शेडवर छत्रीसारख्या टोपीचे खिळे मारणाऱ्यांना तो सलामाचं उत्तरही देत नसे. सोफ्याचे सांगाडे करणाऱ्यांचा खाचांचा खिळा तेवढा त्याला थोडाफार मान्य होता. त्या खिळ्याच्या अंगाला आडव्या खाचा असतात; तो एकदा लाकडात शिरला की लाकूड फाटेल, पण तो बाहेर यायचा नाही. “खिळ्यांच्या जातीत बरा एवढाच,” वगदी म्हणे. त्याच्या तोंडून एवढं कौतुक उभ्या आयुष्यात त्या खिळ्यालाच मिळालं.

आणि सगळ्यांच्या तळाशी सेंट्रिंगवाले. काँक्रीटचं छत ओतायचं तर आधी त्याखाली फळ्यांचा साचा बांधावा लागतो. ते साधे, गुळगुळीत, आठ-दहा सेंटिमीटरचे खिळे वापरतात, तेही जुन्या फळ्यांतून उपटलेले आणि दगडावर ठोकून सरळ केलेले. टेकूंना आणि बाजूंना खिळा मारतात तोही अर्धवट, डोकं दोन बोटं बाहेर ठेवून. वगदीच्या अंगाची आग व्हायची ती त्या दोन बोटांनी.

नशिबाची थट्टा अशी, की त्याच्या बायकोचा, इन्साफचा भाऊ शुक्री गावातला नावाजलेला सेंट्रिंगवाला उस्ता होता. वगदीने त्याला पंचवीस वर्षांत एकदाही उस्ता म्हटलं नाही. आणि त्याहून मोठी थट्टा, वगदीचा एकुलता एक मुलगा हैसम त्याच शुक्रीच्या हाताखाली गेला.

हैसम आधी चार वर्षं बापाच्याच दुकानात होता. त्याने रंधलेला तुकडा वगदी हातात घेई, उजेडात धरी आणि एक शब्द न बोलता सरस तापवायच्या शेगडीत टाकी. चार वर्षं हेच. पाचव्या वर्षी हैसम एका सकाळी दुकानाऐवजी मामाच्या कामावर गेला आणि तिथेच राहिला. यात नवल वाटण्यासारखं काय होतं? वगदीला मात्र वाटलं. पुढची सात वर्षं कुणी विचारलं की तो सांगे, मुलगा बांधकामाच्या धंद्यात आहे. खिळेठोक्या झाला, हे शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. स्वतःच्या पोराची लाज वाटणाऱ्या बापाची आपल्याला लाज वाटायला हवी, पण दुमयातमध्ये सगळे त्याचा हात पाहत, त्यामुळे गप्प बसत.

मग हैसमचं लग्न ठरलं. मुलगी रदवा; तिचे वडील हिल्मी उस्ता पॉलिशवाले, वगदीच्या पलंगांना वीस वर्षं तेच पॉलिश करत आलेले. हिल्मी उस्ता शांत माणूस, पण एका गोष्टीवर अडून बसले. “मुलगी उस्ताच्या घरी देईन,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या हाताखालच्या माणसाला नाही. मुलगा चांगला आहे, मी थांबायला तयार आहे. पण कायमचा थांबणार नाही.”

शुक्रीने त्यावर तोड काढली. वगदीच्या घरावर नव्या जोडप्यासाठी मजला चढायचाच होता. त्याने हैसमला सांगितलं, “तुझ्या घराचं छत तूच बांध. फळ्या माझ्या, अक्कल तुझी. मी वर पाऊल ठेवणार नाही. काँक्रीट ओतल्यावर तीन आठवड्यांनी साचा उतरवू, हिल्मी उस्तांनाही बोलावू. छत सपाट निघालं आणि साचा अडल्याशिवाय सुटला, तर त्यांच्यासमोर तुला उस्ता म्हणून हाक मारीन. नाही सुटला, तर नाही.”

म्हणजे हैसमची पदवी, त्याचं लग्न आणि सात वर्षांची मेहनत हे सगळं त्या एका छतावर टांगलेलं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. वगदीलाही.

बारा दिवस हैसम वर राबला. वगदी एकदाही वर गेला नाही. गुरुवारी काम संपलं. शनिवारी सळया बांधणारे यायचे होते आणि सोमवारी काँक्रीट. शुक्रवारी दुपारी नमाज झाली, जेवण झालं, हैसम होणाऱ्या सासुरवाडीला गेला, इन्साफ आडवी झाली आणि वगदीच्या पायांना खाज सुटली. तो जिना चढून वर गेला.

वर फळ्यांची जमीन पसरली होती. त्याने खिशातून पाणसळ काढून मध्यभागी ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन थांबला. त्याने ती चारही कोपऱ्यांत नेली. बुडबुडा हलला नाही. शहाणा बाप असता तर तिथेच डोळे पुसून खाली उतरला असता. वगदी फळ्यांना डोळे लावून खिळे शोधू लागला.

प्रत्येक फळीला दोन टोकांना एकेक खिळा. बस्स. मधल्या वाशांवर फळी नुसती टेकलेली. काही डोकी तिरकी, काही गंजलेली. पाय ठेवला की फळी किंचित कुरकुरे. “हे काम?” तो स्वतःशीच पुटपुटला. “हे दाखवणार हिल्मीला? उद्या तो गावभर सांगेल, वगदीच्या पोराने फळ्या चिकटवून ठेवल्यात.” पोराची काळजी त्याला वाटत होती, नाही असं नाही. पण त्या काळजीत ‘वगदीच्या’ हा शब्द जेवढा मोठा होता तेवढा ‘पोराने’ हा नव्हता.

तो दुकानात गेला, फळीखालून खाचांच्या खिळ्यांचे दोन डबे काढले, पंच, हातोडी आणि सरसाचं भांडं घेतलं आणि परत वर आला. प्रत्येक फळीला प्रत्येक वाशावर तीन तीन खिळे, वितीवितीच्या अंतराने, एका ओळीत. एकही वाकला नाही. मग पंच लावून प्रत्येकाचं डोकं लाकडात बुडवलं.

खालून इन्साफ नवऱ्याला मुलाच्या नावाने हाक मारत ओरडली, “अबू हैसम, शुक्रवारची कसली ठोकाठोक लावलीय? झोपू द्या की!”

“तुझ्या लेकाचं तोंड धुतोय!” वगदी वरून म्हणाला. “नाहीतर तसंच पारोसं घेऊन मिरवला असता लोकांत!”

इन्साफने कूस बदलली. असल्या उत्तरांची तिला तीस वर्षांची सवय होती.

आणि मग त्या दीडशहाण्याने, ज्यावर तीन दिवसांनी चिखलासारखं काँक्रीट पडणार होतं त्या फळ्यांवर, एकेका खिळ्याच्या डोक्यावर सरस आणि भुशाची लांबी भरली. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. सूर्य मावळेपर्यंत गुडघ्यांवर रांगत तो हेच करत होता. उठला तेव्हा फळ्यांवर खिळा औषधालाही दिसत नव्हता. पाय आपटला तरी कुरकुर नाही. तो खूश झाला. मुलाला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण सांगितलं असतं तर मुलाचं काहीतरी ऐकून घ्यावं लागलं असतं.

शनिवारी सळयावाले उजाडताच आले आणि हैसम वर चढेपर्यंत अर्ध्या छतावर लोखंडाची जाळी पसरली होती. तो उरलेल्या भागावर चालला. फळ्या घट्ट वाटल्या. त्याला वाटलं, दोन दिवसांच्या दमट हवेने फुगल्या असतील. सोमवारी काँक्रीट पडलं. बकरा कापला, बायकांनी जिभा घोळवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या, कामगारांनी मटण-भात हाणला आणि वगदी दारात खुर्ची टाकून लोकांचे ‘मुबारक’ अशा चेहऱ्याने घेत बसला की जणू छत त्यानेच ओतलं.

तीन आठवड्यांनी साचा उतरवायचा दिवस आला. शुक्री आला, हैसम आला, दोन कामगार आले. हिल्मी उस्ता इस्त्रीचा कोट घालून आले. वगदी चहाचा पेला घेऊन दारापाशी एका डब्यावर बसला. एरवी हे दोन तासांचं काम. टेकू काढायचे, वाशाला एक फटका द्यायचा, वासा खाली. मग पहारीची टोचणी, एकेक फळी खाली.

टेकू निघाले. हैसमने वाशाला फटका दिला. वासा हलला नाही. त्याने दुसरा दिला, तिसरा दिला. वर फळ्यांनी नुसता ठणाणा केला.

“किती खिळे मारलेस रे?” शुक्रीने विचारलं.

“फळीला दोन, मामा. दोन टोकांना.”

“मग हे काय, पोटच्या पोरासारखं धरून बसलंय?”

शुक्रीने स्वतः पहार घेतली, फटीत घातली आणि अंगाचा भार टाकला. वर काहीतरी कण्हलं. “मागे व्हा!” तो किंचाळला. सगळे भिंतीला चिकटले आणि पुढच्या क्षणी पलंगाएवढा तुकडा, वासे आणि फळ्या एकत्र, एकसंध, धाडकन खाली आला. कामगारांपैकी एकाच्या चपलेवरून तो तसूभर अंतराने गेला. धुळीत कुणाला कुणी दिसेना.

धूळ बसली तेव्हा शुक्री त्या तुकड्यावर वाकलेला होता. त्याने सिमेंटचा पापुद्रा पुसला. फळी गुळगुळीत होती. त्याने नखाने खरवडलं, मग हातोडीच्या नखीने खणलं. भुशाची लांबी पडली आणि आत खिळ्याचं डोकं चमकलं. फळी चिरून त्याने तो खिळा बाहेर काढला आणि त्याच्या अंगावरच्या खाचांवरून अंगठा फिरवला.

“खाचांचा,” तो म्हणाला. “सेंट्रिंगमध्ये खाचांचा खिळा! आणि डोकं बुडवून वर लांबी भरलीय. अल्ला, हे छत आहे की नवरीचा आरसा?” कामगार हसले. शुक्री हसला नाही. “हैसम, सात वर्षं मी तुला काय शिकवलं? फळीला दोनच खिळे, म्हणजे सुटताना एकेक सुटते, माणसाच्या डोक्यावर अख्खं छत येत नाही. खिळ्याचं डोकं बाहेर ठेवतो ते काय आळस म्हणून? उद्या त्याला धरून ओढायचं असतं म्हणून. आपला खिळा परत जायलाच आलेला असतो. आत्ता या पोराचा पाय गेला असता. कोणी मारले हे?”

हैसमने तो खिळा हातात घेतला. लांबीचा तुकडा नाकाशी नेला. त्या सरसाचा वास त्याने चार वर्षं घेतला होता. त्याने बापाकडे पाहिलं. वगदी चहाच्या पेल्यात पाहत होता.

हैसमने खिळा मुठीत मिटला. मग म्हणाला, “मीच मारले, मामा.”

“तू?”

“मला वाटलं, फळ्या हलतील.”

शुक्रीला ते खरं वाटलं नसावं. पण माणसाने स्वतः कबूल केल्यावर तो काय करणार? त्याने पहार खाली टाकली. “मग आणखी तीन वर्षं फळ्याच उचल,” तो म्हणाला. हिल्मी उस्तांनी कोटावरची धूळ झटकली आणि जिन्याकडे पाहिलं.

आणि वगदी? वगदी गप्प. पंचावन्न वर्षं ज्याची जीभ एक क्षण आत राहिली नाही, तो नेमका त्या वेळी मूग गिळून बसला. त्याच्या मनात हिशेबही तयार होता: पोरगा तरुण आहे, त्याचं नाव पुन्हा होईल, आपलं या वयात गेलं तर गेलं. मुलाचं लग्न डोळ्यांसमोर जिना उतरून चाललं होतं आणि हा माणूस चहाचा घोट घेत होता. यापेक्षा हलकट गोष्ट त्या गल्लीत कुणी केली नसेल.

हिल्मी उस्ता जाता जाता वाकले. पॉलिशवाल्याची सवय, लाकूड दिसलं की हात जातो. त्यांनी चिरलेल्या फळीचा, खिळ्यांची ओळ उघडी पडलेला एक तुकडा उचलला, सिमेंट पुसलं आणि अंगठ्याचं पेर फिरवलं. एकदा फिरवलं, परत फिरवलं. तुकडा खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

“शुक्री, काम चुकीचं आहे हे खरं,” ते हळूच म्हणाले. “पण हात बघ. एवढे खिळे, एकाचीही ओळ सुटलेली नाही. लाकडावर हातोडीचा एक डाग नाही. लांबी कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं, मला कळत नाही, मला! हैसम बेटा, असा हात दुमयातमध्ये आज दुसऱ्या कुणाचा नाही. तुझ्या बापाचा हात यापुढे जड वाटेल. हा हात घेऊन तू सेंट्रिंगमध्ये काय करतोस?”

चहाचा पेला खाली आपटला.

“त्याचा कसला हात!” वगदी डब्यावरून उठून ओरडला. “चार वर्षं माझ्याकडे होता, त्याला एक तुकडा सरळ रंधता आला नाही! हात माझा आहे! हे माझं काम आहे! शुक्रवारी दुपारभर गुडघे फोडून घेतलेत मी इथे. एकेक खिळा मोजून मारलाय. त्याला जमणार आहे असलं?”

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. त्याने शुक्रीकडे पाहिलं, हिल्मी उस्तांकडे पाहिलं, मग कामगारांकडे. ज्याच्या चपलेशी छत पडलं होतं तो कामगार पचकन बाजूला थुंकला.

शुक्रीने मान वर केली. तुकडा पडला होता तिथे नवं काँक्रीट उघडं पडलं होतं. त्याने हैसमची लांब पट्टी घेतली, छताला लावली, आडवी लावली, उभी लावली. पट्टी आणि छत यांच्यामधे कुठेही उजेड दिसला नाही.

“दाजी,” तो वगदीला म्हणाला, “तुमचा हात सोन्याचा आहे. बाकीच्या माणसाची किंमत मी बहिणीच्या घरात उभा राहून सांगणार नाही.” मग तो वळला आणि आवाज चढवून म्हणाला, “उस्ता हैसम! उरलेलं छत अख्खंच्या अख्खं अंगावर यायला बसलंय. ते कसं उतरवायचं, तूच सांग.”

हिल्मी उस्तांनी कोट काढून खिळ्याला अडकवला नाही, नीट घडी करून जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि बाह्या दुमडल्या.

“टेकू परत लावा,” हैसम म्हणाला. “मग दोन वाशांच्या मधे करवतीने कापत जायचं, एका वेळी एक पट्टा. फळ्या वाया जातील, मामा.”

“जाऊ देत.”

वगदी अजून मधेच उभा होता. हैसम त्याच्याजवळ आला. त्याने बापाचा दंड धरला, घट्ट नाही, आणि त्याला दारापर्यंत आणलं.

“बाबा, तुम्ही खाली जा. डोक्यात फळी पडेल.” त्याने दंड सोडला. “तुम्ही बोलायला उठलात ना, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी उठलात.”

एवढं बोलून तो करवत आणायला गेला.